पाण्यात न विरघळणारी रसायने आणि पाणपिसवांची कसोटी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका भातशेती व यंत्रमाग या दोन गोष्टींसाठी पूर्वीपासून ओळखला जातो. गेल्या काही दशकांत त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. जुन्या ठाणे–भिवंडी रस्त्यालगतच्या काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, वळ इत्यादी गावांच्या शिवारात मालाची गोदामे मोठ्या संख्येने उभी राहिली. जेथे पूर्वी खाचरे होती तेथे आज गोदामांच्या रांगा दिसतात. त्यांपैकी काही गोदामांत रसायनेही साठविली जातात, आणि अशा गोदामांना आगी लागल्याचे प्रसंग या परिसरात घडलेले आहेत. सांडलेला माल, फुटलेली पिंपे, आग विझविण्यासाठी मारलेले पाणी हे सर्व शेवटी उताराच्या दिशेने, म्हणजे ओढा, खाचर व गावतळे यांच्याकडे जाते.

अशा वेळी एक समजूत वारंवार ऐकू येते. ती अशी की, जे रसायन पाण्यात विरघळत नाही ते वर तरंगते किंवा तळाशी बसते. सबब पाण्याला त्यापासून अपाय नाही. ही समजूत चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर नीट न केलेली प्रयोगशाळेतील चाचणीही पुष्कळदा याच समजुतीला पुष्टी देते. अल्पविद्राव्य रसायनाचा विषारीपणा कसा मोजतात, त्यात फसगत कोठे होते आणि चाचणीचा अहवाल हाती आल्यावर त्यात काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोदामातील रसायनाचे पाण्यावर काय परिणाम होतात याचे ठळक उदाहरण स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ घडले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी तेथील श्वाइट्सरहाले येथे शेतीसाठी लागणाऱ्या रसायनांच्या एका गोदामास आग लागली. आग विझविण्यासाठी वापरलेले पाणी अडवून धरण्याची पुरेशी सोय तेथे नव्हती. त्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशके ऱ्हाईन नदीत गेली आणि सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत नदीतील वाम मासे मेले. मासे मेलेले लोकांना दिसले. परंतु माशांचे खाद्य असणारे लहान जलचरही त्याच पाण्यात नष्ट झाले होते. पाणपिसू ही अशाच लहान जलचरांची प्रतिनिधी होय.

पाणपिसू म्हणजे काय?

नावात पिसू असली तरी हा कीटक नव्हे. कोळंबी व खेकडा यांच्याच कवचधारी वर्गातील हा अत्यंत लहान प्राणी आहे. पाण्यात उड्या मारल्यासारखा पोहतो म्हणून त्यास हे नाव मिळाले. त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असून डोळ्याचा काळा ठिपका तेवढा उठून दिसतो. डॅफ्निया मॅग्ना या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या जातीची पूर्ण वाढलेली मादी सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत होते. नुकतेच जन्मलेले पिलू १ मिलिमीटरहून लहान असते. आपल्याकडील गोड्या पाण्याच्या तळ्यांत व खाचरांत डॅफ्नियाच्या इतर जाती, तसेच मॉइना व सेरिओडॅफ्निया हे तिचे नातलग आढळतात. मॉइना तर मत्स्यबीज केंद्रांत पिलांना जिवंत खाद्य म्हणून मुद्दाम वाढविली जाते.

पाणपिसू पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खाते आणि माशांची पिले पाणपिसवांना खातात. पहिल्या जोरदार पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून खाचरांत चढतात व तेथे अंडी घालतात, हे ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांचे पोट पुष्कळ अंशी अशाच सूक्ष्म जलचरांवर भरते. खाचरातील पाणपिसवा मेल्या तर एकही मासा विषाने न मरता पिले उपाशी मरू शकतात.

चाचणीसाठी पाणपिसू निवडण्याची कारणे व्यावहारिक आहेत. ती लवकर वाढते, थोड्या जागेत मावते आणि अनुकूल परिस्थितीत मादी नराशिवायच पिले देते. त्यामुळे एकाच वंशाची, सारख्या गुणांची शेकडो पिले एका दिवसात मिळतात. अमेरिकेत अँडरसन यांनी १९४४ साली कारखान्यांच्या सांडपाण्यातील अनेक पदार्थांचा विषारीपणा डॅफ्निया मॅग्नाच्या साहाय्याने मोजून प्रसिद्ध केला, आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

अल्पकालीन चाचणीची रीत

आज सर्वत्र मान्य असलेली रीत म्हणजे आर्थिक सहकार व विकास संघटनेची चाचणी मार्गदर्शिका क्रमांक २०२ होय. तिचे सध्याचे स्वरूप २००४ सालचे आहे. प्रयोगशाळांच्या कामकाजाविषयीच्या या संघटनेच्या व्यवस्थेत भारत २०११ पासून पूर्णपणे सहभागी असल्याने, त्या व्यवस्थेनुसार मान्यता मिळालेल्या भारतीय प्रयोगशाळेचे निष्कर्ष सहभागी देशांतही ग्राह्य धरले जातात. चाचणीची रीत थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे.

(१) २४ तासांहून कमी वयाची पिले घ्यावयाची. पाण्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान स्थिर ठेवावयाचे.

(२) रसायनाच्या किमान पाच तीव्रता घ्यावयाच्या. प्रत्येक तीव्रता आधीच्या तीव्रतेच्या २.२ पटीहून अधिक नसावी. उदाहरणार्थ, लिटरमागे १, २, ४, ८ व १६ मायक्रोग्राम. एक मायक्रोग्राम म्हणजे एका मिलिग्रामचा हजारावा भाग.

(३) प्रत्येक तीव्रतेस किमान २० पिले लागतात. ती शक्यतो पाचपाचच्या चार गटांत विभागावयाची व प्रत्येक पिलामागे किमान २ मिलिलिटर पाणी ठेवावयाचे.

(४) रसायन न टाकलेले तुलनापात्र सोबत ठेवावयाचे. त्यातील १० टक्क्यांहून अधिक पिले निश्चल झाल्यास संपूर्ण चाचणी रद्द समजावयाची. चाचणीच्या शेवटी पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रामहून कमी असता कामा नये.

(५) २४ व ४८ तासांनी पात्र हलकेच हलवून पाहावयाचे. त्यानंतर १५ सेकंदांत जे पिलू पोहू शकत नाही ते निश्चल धरावयाचे. इतक्या लहान प्राण्याचा मृत्यू निश्चित ओळखणे कठीण असल्याने मृत्यूऐवजी निश्चलता हीच खूण मानतात.

(६) चाचणीच्या काळात पिलांना खाद्य द्यावयाचे नाही.

ज्या तीव्रतेस ४८ तासांत निम्मी पिले निश्चल होतात तीस अर्धपरिणामी तीव्रता म्हणतात. हा आकडा जितका लहान तितके रसायन अधिक विषारी. पिलांची स्वतःची प्रकृती ठीक आहे ना, हे तपासण्यासाठी अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेट या सहज विरघळणाऱ्या रसायनावर चाचणी घेतात. त्याची २४ तासांची अर्धपरिणामी तीव्रता लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्राम यांच्या दरम्यान आली म्हणजे पिले चाचणीयोग्य समजतात.

अडचण कोठे येते?

पोटॅशियम डायक्रोमेटसारखे रसायन पात्रात जितके टाकावे तितके पाण्यात उतरते. अल्पविद्राव्य रसायनाचे तसे नाही. सामान्यतः ज्याची विद्राव्यता लिटरमागे १०० मिलिग्रामहून कमी त्यास अल्पविद्राव्य म्हणतात. परंतु शेतीतील कित्येक कीटकनाशके याहून फारच कमी विरघळतात. डी.डी.टी. लिटरभर पाण्यात ५ ते ६ मायक्रोग्राम, तर सायपरमेथ्रिन सुमारे ४ मायक्रोग्राम विरघळते. याहून जास्त टाकलेला माल पाण्यात न राहता वर तवंग होतो, तळाशी बसतो, बारीक कणांच्या रूपाने लोंबकळत राहतो किंवा पात्राच्या भिंतीस चिकटतो.

समजा, एका रसायनाची विद्राव्यता लिटरमागे अर्धा मिलिग्राम आहे. कोणी पात्रात लिटरमागे १०० मिलिग्राम टाकले आणि एकही पिलू निश्चल झाले नाही. अहवालात लिहिले गेले की, अर्धपरिणामी तीव्रता १०० मिलिग्रामहून अधिक आहे, म्हणजे रसायन जवळजवळ निरुपद्रवी. वस्तुतः पिलांना फार तर अर्ध्या मिलिग्रामचाच संपर्क घडला होता. येथे खरे विधान एवढेच की, विद्राव्यतेच्या मर्यादेपर्यंत ४८ तासांत परिणाम दिसला नाही.

याच्या उलट चूकही होते. वर तवंग असेल तर पिले त्यात अडकून पृष्ठभागावर तरंगत राहतात. कण असतील तर ते त्यांच्या पोहण्याच्या शृंगिकांना चिकटतात. अशा वेळी पिले निश्चल होतात ती विषाने नव्हे, तर चिखलात रुतलेल्या गुराप्रमाणे. परिणाम खरा असला तरी तो विषारीपणाचे माप नव्हे. म्हणून चाचणीच्या वेळी तवंग, कण अथवा तरंगणारी पिले आढळल्यास तशी नोंद होणे आवश्यक आहे.

तिसरी अडचण काळाची. सकाळी पाण्यात असलेले रसायन दुसऱ्या दिवशी तितकेच असेल असे नाही. काही हवेत उडून जाते, काही उजेडाने विघटन पावते, काही काचेस व विशेषतः प्लास्टिकला चिकटते. पिलांना खाद्य न देण्याचे एक कारण हेच आहे. शेवाळाचे कण अशी रसायने शोषून घेतात व पाण्यातील तीव्रता उतरते.

द्रावण तयार करण्याच्या रीती

अशा अवघड रसायनांसाठी वरील संघटनेने २००० साली स्वतंत्र मार्गदर्शिका, क्रमांक २३, प्रसिद्ध केली. तिची सुधारित आवृत्ती २०१९ साली निघाली. तिच्यातील प्रमुख रीती अशा :

सावकाश ढवळणे.— रसायन व पाणी झाकलेल्या काचपात्रात एकत्र करून भोवरा न पडेल इतक्या हळू दीर्घकाळ ढवळावयाचे, नंतर स्थिर होऊ देऊन मधले स्वच्छ पाणी काढून घ्यावयाचे. जोराने घुसळल्यास पायस बनते व न विरघळलेले थेंब विरघळल्यासारखे भासतात.

संपृक्त स्तंभ.— काचेच्या मण्यांवर किंवा तत्सम पदार्थावर रसायनाचा पातळ थर देऊन त्यातून पाणी सोडावयाचे. बाहेर येणारे पाणी त्या रसायनाने संपृक्त असते.

सिलिकोनमधून पुरवठा.— सिलिकोनच्या तुकड्यात रसायन आधी मुरवून तो तुकडा पाण्यात ठेवावयाचा. पाण्यातून रसायन जसजसे कमी होते तसतसे सिलिकोन ते सोडत राहते व तीव्रता स्थिर राहते.

द्रावकाचा उपयोग.— ॲसिटोन, मिथेनॉल यांसारख्या द्रावकात रसायन विरघळवून त्याचा अंश पाण्यात सोडावयाचा. ही रीत सोपी असली तरी अन्य उपाय नसेल तेव्हाच वापरावी. द्रावक लिटरमागे ०.१ मिलिलिटरहून अधिक नसावा आणि केवळ द्रावक टाकलेले आणखी एक तुलनापात्र ठेवावे. द्रावकामुळे रसायनाची पाण्यातील विद्राव्यता वाढली असे मानू नये. पाण्यात पडताच जादा भाग पुन्हा वेगळा होतो.

पाच तीव्रता, एक साधे तुलनापात्र व एक द्रावकाचे तुलनापात्र मिळून प्रत्येकी २० प्रमाणे एका चाचणीस १४० पिले लागतात.

तेले व मिश्रणे.— डिझेल, भट्टीचे तेल यांसारख्या मिश्रणातील प्रत्येक घटक निरनिराळ्या प्रमाणात विरघळतो. त्यामुळे एक तीव्र अर्क करून तो पातळ करीत जाणे चुकीचे ठरते. प्रत्येक मात्रेसाठी तेल वेगळे मोजून, वेगळ्या पात्रात पाण्याबरोबर सावकाश ढवळून, स्थिर झाल्यावर खालचे पाणी चाचणीस घ्यावे लागते. येथे निष्कर्ष पाण्यातील तीव्रतेत नव्हे, तर लिटरमागे टाकलेल्या तेलाच्या मात्रेत सांगतात.

रीत कोणतीही असो, तिच्यानंतर एक काम अटळ आहे. ते म्हणजे पात्रातील पाण्याचे रासायनिक पृथक्करण, आणि तेही आरंभी व शेवटी असे दोन्ही वेळा. मोजलेली तीव्रता अपेक्षेच्या २० टक्के इकडेतिकडे राहिली तर अपेक्षित आकडा वापरता येतो. अन्यथा मोजलेल्या आकड्यांची सरासरी धरावी लागते. तीव्रता उतरत जात असेल तर साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरी घेतात. आरंभी ४० व शेवटी १० मायक्रोग्राम आढळल्यास साधी सरासरी २५ येते; भूमितीय सरासरी, म्हणजे ४० व १० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, २० येते.

निष्कर्षाचे वाचन

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लिटरमागे १, २, ४, ८ व १६ मायक्रोग्राम टाकले असता २० पैकी अनुक्रमे ०, ३, ९, १६ व २० पिले निश्चल झाली. ४ मायक्रोग्रामला ४५ टक्के व ८ ला ८० टक्के. यावरून अर्धपरिणामी तीव्रता सुमारे ४.४ मायक्रोग्राम निघते. परंतु पृथक्करणात असे दिसले की, प्रत्येक पात्रात टाकलेल्या रसायनाच्या निम्मेच पाण्यात होते. मग खरा आकडा सुमारे २.२ होतो. पिले तीच, मोजणी तीच, तरी रसायन दुप्पट विषारी ठरले. ज्या अहवालात पाण्याचे पृथक्करण नाही, त्यातील आकडा रसायनास सौम्य भासविण्याचाच संभव अधिक असतो.

रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात लिटरमागे १ मिलिग्राम किंवा त्याहून कमी अर्धपरिणामी तीव्रता असलेले रसायन जलचरांना सर्वाधिक घातक अशा पहिल्या वर्गात येते. १ ते १० मिलिग्राम दुसरा व १० ते १०० मिलिग्राम तिसरा वर्ग होय. पिंपावरील मृत माशाचे व वाळलेल्या झाडाचे चिन्ह अशाच आकड्यांवरून ठरते. आकडा चुकला तर चिन्ह चुकते आणि गोदामात ते पिंप कोठे व कसे ठेवावयाचे हेही चुकते.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, अल्पविद्राव्य पदार्थ प्राण्याच्या शरीरात हळूहळू शिरतो. ४८ तासांत परिणाम न दिसणे म्हणजे पुढेही न दिसणे नव्हे. यासाठी २१ दिवसांची, पिलांची पैदास मोजणारी स्वतंत्र चाचणी आहे. दुसरी अशी की, माशांवरील चाचणी पाणपिसवांच्या चाचणीची जागा घेत नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही कसोटी आवश्यकच आहे. परंतु कित्येक कीटकनाशकांच्या ज्या तीव्रतेस मासा तगतो त्याच तीव्रतेस पाणपिसू तगत नाही.

एका गुंठ्याचा हिशेब

खाचराच्या भाषेत हा विषय पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यात ५ सेंटिमीटर पाणी उभे असल्यास ते सुमारे ५,००० लिटर भरते. सायपरमेथ्रिनची विद्राव्यता लिटरमागे ४ मायक्रोग्राम धरल्यास एवढे पाणी संपृक्त होण्यास शुद्ध औषध केवळ २० मिलिग्राम पुरते. पाणपिसवांवरील अनेक चाचण्यांत या औषधाची अर्धपरिणामी तीव्रता लिटरमागे १ मायक्रोग्रामहूनही कमी आढळली आहे. म्हणजे न विरघळणारे म्हणून ज्याची उपेक्षा करावयाची, त्याचा विरघळलेला अल्पसा अंशही पाणपिसवांना पुरून उरतो.

प्रत्यक्ष खाचरात चिखल व काडीकचरा औषधाचा मोठा भाग शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील तीव्रता लवकर उतरते. परंतु पाणपिसवांना मारण्यास ते पहिले काही तासही पुरे पडू शकतात. बाजारातील प्रवाही औषध पाण्यात टाकताच पाणी दुधासारखे पांढरे होते. औषध विरघळल्याची ही खूण नसून तेलाचे सूक्ष्म थेंब पसरल्याची आहे. म्हणून शुद्ध औषध व बाजारातील मिश्रण यांच्या चाचण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात.

पूर्णा परिसरात घ्यावयाची काळजी

(१) पाण्यावर तवंग, अपरिचित वास अथवा मेलेले जलचर आढळल्यास ते पाणी खाचरात घेऊ नये. बांधाचे तोंड बंद करावे. गुरांना ते पाणी पाजू नये व त्यातील मासे खाऊ नयेत.

(२) नमुना काचेच्या, शक्यतो गडद रंगाच्या, स्वच्छ बाटलीत घ्यावा. प्लास्टिकच्या बाटलीस अल्पविद्राव्य रसायने चिकटतात. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, म्हणजे उडून जाणारे रसायन वरच्या हवेत जाणार नाही.

(३) तवंगाचा नमुना वेगळा व तवंगाखालील पाण्याचा वेगळा घ्यावा. ठिकाण, दिनांक व वेळ लिहून, बाटल्या थंड व अंधारात ठेवून त्याच दिवशी पोहोचवाव्यात. हाताळताना रबरी हातमोजे घालावेत.

(४) वरच्या बाजूच्या, बाधा न झालेल्या ओढ्याचाही एक नमुना द्यावा. तुलनेवाचून निष्कर्ष निघत नाही.

(५) उल्हास नदीची खाडी या भागापासून दूर नाही. खारवट पाण्यात गोड्या पाण्यातील पाणपिसू केवळ क्षारांमुळेही मरते. म्हणून नमुन्याचा खारेपणा आधी मोजून घेण्यास प्रयोगशाळेस सांगावे. अन्यथा खाडीचा दोष रसायनावर किंवा रसायनाचा दोष खाडीवर जाईल.

(६) फवारणीचा पंप ओढ्यात वा तळ्यात धुऊ नये. रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकू नयेत.

(७) तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व पिकाच्या नुकसानीची माहिती तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील गोदामांत कोणती रसायने आहेत व आगीचे पाणी अडविण्याची काय सोय आहे, याची विचारणा पावसाळ्यापूर्वीच करावी.

अहवाल हाती आल्यावर ग्रामसेवक, कृषि सहायक व जाणकार शेतकरी यांनी तीन प्रश्न विचारावेत. आकडा टाकलेल्या रसायनाचा आहे की पाण्यात मोजलेल्या? चाचणीत तवंग किंवा कण होते काय? तुलनापात्रातील पिले सुस्थितीत होती काय? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असतील तरच अहवालातील आकड्यावर भरवसा ठेवावा. पाण्यात दिसत नाही ते पाण्यात नाही असे समजून खाचराचे तोंड उघडणे ही मोठी जोखीम होय.